घागरी चौसष्ट, नळ चार

लातूरच्या एका कॉलेजात फारूकभाई बावीस वर्षं संगणकांची प्रयोगशाळा सांभाळताहेत. संगणक बंद पडला की आधी ते त्याच्या पाठीवरून हात फिरवतात, “काय झालं रे बाबा?” म्हणून विचारतात आणि मगच पेचकस काढतात. पोरं हसतात. संगणक मात्र सुरू होतो.

यंदा भूजलाच्या अवाढव्य आकडेमोडीसाठी सर्व्हर घ्यायला मंजुरी आली. विभागातल्या पुनम मॅडमचा भूजलावरचा प्रबंध त्याच्यावाचून अडला होता. जुन्या यंत्रावर एक गणित एकोणीस दिवस चालायचं आणि अठराव्या दिवशी लाईट जायची. प्रबंध द्यायला उरला होता दीड महिना.

विभागप्रमुख अण्णाराव सरांचा जीव चौसष्ट कोअरच्या सर्व्हरवर जडला होता. इतका, की उद्घाटनाचा फ्लेक्स त्यांनी आधीच छापून आणला. ‘६४ कोअरचा महासर्व्हर’, आणि शेजारी गॉगल लावलेले सर.

विक्रेत्यानं नमुना आणला. फारूकभाईंनी झाकण उघडून पाहिलं. मेमरीच्या खाचा सोळा, भरलेल्या चारच.

“सर, हे तं आमच्या गल्लीवानी झालं. घागरी चौसष्ट, नळ चार.”

“म्हणजे?”

“गणित करणारे कोअर लई हायेत, पण आकडे मेमरीतून यायची वाट चिंचोळी. सगळे रांगेत भांडत बसतेल.”

“फारूकभाई, तुम्हाला सगळीकडं नळच दिसतो का हो?”

“लातुरात जन्म काढला सर. दुसरं काय दिसंल?”

मग पुनम मॅडमच्याच गणिताचा एक तुकडा या आणि आणखी एका विक्रेत्याच्या यंत्रावर चालवायचं ठरलं. चौसष्टवाल्यानं चाळीस मिनिटं घेतली. दुसऱ्याकडे दोन प्रोसेसर मिळून बत्तीसच कोअर, पण खाचा सगळ्या भरलेल्या. त्यानं सतरा मिनिटांत उत्तर दिलं. चौसष्टवाल्याच्या रिकाम्या खाचा भराव्यात, तर ते मंजूर रकमेत बसत नव्हतं.

अण्णाराव सरांनी बत्तीसवाल्यावर सही केली आणि फ्लेक्सकडे पाहून सुस्कारा सोडला.

“सर,” पुनम मॅडम हळूच म्हणाल्या, “प्रत्येक कोअर एका वेळी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे चालवतो. बत्तीस दुणे...”

“चौसष्ट!” सर खुर्चीतून उठलेच.

फारूकभाईंनी फ्लेक्सवरच्या ‘कोअर’वर ‘थ्रेड’ लिहिलेला कागद चिकटवला. उद्घाटन दणक्यात झालं, गणित दीड दिवसात सुटलं, प्रबंधही वेळेत गेला.

फ्लेक्स अजून आहे. पंखा लावला की कागदाचं टोक उचलतं आणि खालून ‘कोअर’ डोकावतो. फारूकभाई जाता-येता अंगठ्यानं तो दाबून ठेवतात.