डोळ्यात जाणारा उजेड

“मॅडम, लाईट दुप्पट करा. न्हाईतर संध्याकाळची बॅच बंद करतो आमी.”

पूर्णा इथल्या एका टेनिस क्लबचे सेक्रेटरी बोलत होते. आदल्या आठवड्यात आरती नावाच्या मुलीच्या भुवईवर बॉल लागला होता. टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

“तिच्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?”

मी मैदानांवरच्या फ्लडलाईटचं डिझाईन करते. बॅच बंद म्हणजे जवळच्या चुडावा गावाहून येणाऱ्या मुलींचा खेळच बंद. सकाळी त्यांचं कॉलेज, दुपारी ऊन.

अंधार पडल्यावर दिवे लावून मी लक्समीटर काढला. जमिनीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. सरावाला दोनशे-तीनशे लक्स चालतात, मोठ्या स्पर्धेला पाचशेच्या आसपास लागतात. टीव्हीवर दाखवायचं तर त्याहून कितीतरी जास्त. इथं अडीचशे भरले.

“टीव्हीवाले येणारेत का?” मी विचारलं.

“कशाचे टीव्हीवाले!”

“मग सरावापुरता उजेड हाय तुमच्याकडं.”

त्यांना ते पटेना. तेवढ्यात आरती आली. भुवईवर पट्टी, हातात रॅकेट नाही. नुसतीच बघायला आली होती.

“बॉल दिसलाच न्हाई का?” मी विचारलं.

“समोरून निघाला तवा दिसला. मग निस्तं पांढरं.”

बॉल लागला तेव्हा ती जिथं उभी होती तिथं मी जाऊन उभी राहिले. चारही खांब कोर्टाच्या दोन्ही टोकांना, बेसलाईनच्या मागे. समोरच्या खेळाडूकडे बघितलं की दिवे थेट डोळ्यात. माझेही डोळे दिपले. इंग्रजीत याला ग्लेअर म्हणतात. दिवे दुप्पट केले असते तर हा त्रासही दुप्पट झाला असता.

सेक्रेटरींना हात धरून तिथं आणलं. “आता बघा.”

त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. “अरारा! आन् आमी पोरीलाच म्हणायलो होतो, लक्ष कुठं असतंय तुझं?”

ते आरतीकडे वळले. “चुकलं बाई आमचं.”

दिवे तेच ठेवले. खांब कोर्टाच्या लांब बाजूंना नेले, उंच केले, दिव्यांची तोंडं खाली वळवली. उजेड सगळीकडे सारखा पडला.

टाके निघाल्यावर आरती खेळायला उतरली. पहिले दोन बॉल तिनं अंग चोरून सोडून दिले. तिसरा असा मारला की पलीकडे उभ्या सेक्रेटरींना रॅकेट हलवायलाही वेळ मिळाला नाही.

“दिसला का?” मी सेक्रेटरींना ओरडून विचारलं.

“दिसला की! पन घावला न्हाई.”

त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता. बॅच मात्र चालू राहिली. आता कुणी जास्त लाईट मागितले की मी आधी विचारते, उजेड कमी पडतोय की डोळ्यात जातोय? बहुतेकांनी खेळाडूच्या जागी उभं राहून बघितलेलंच नसतं.