पेढा न घेतलेले घर

पासष्टच्या लढाईत एका सकाळी पालघर स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बातमी आली की, शत्रूचा अध्यक्ष मेला. रेडिओवर काहीच नव्हते. मी मुंबईच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. कुणाकडून कळले, असे विचारले की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. बारा वाजेपर्यंत दुकानातले पेढे संपले.

जेवणे होईतो आनंद ओसरला. आता ते बदला घेणार, तारापूरवर बॉम्ब टाकणार, असे लोक म्हणू लागले. अणुवीजकेंद्राचे तेव्हा नुसते बांधकाम चालू होते, पण तेवढे भीतीला पुरे होते. मी त्याच भीतीची बातमी करायला बोईसरमार्गे नवापूरला गेलो.

तिथे किनाऱ्यावर चार-पाच माणसे पोलीस पाटलाची वाट पाहत होती.

"सायेब, लिवून घ्या. एका घरानं पेढ्याला हात नाय लावला."

"सकाळी बातमी आली आनि दुपारी त्या घरच्या जावयाचं डोकं सफा! कोनाचं सुतक धरलंय?"

"सासऱ्याच्या घरात तर सगले जिते हायेत."

"मंग त्यांच्या अध्यक्षाचंच!" एकजण म्हणाला. कुणी हसले नाही.

ज्याच्याविषयी हे चालले होते तो डहाणूकडून येऊन सासुरवाडीला राहिला होता. त्याचे गणगोत गावाला ठाऊक नव्हते. तो तारापूरच्या बांधकामावर गवंडीकाम करी. पाटलाने ठेकेदाराकडे एक शब्द टाकला असता तर त्याचा फाटकावरचा पास गेला असता.

पाटलाच्या आधी मी त्याच्या घरी पोचलो. आत शिरताच मीही आधी कुठे हेराचा रेडिओ, वायर दिसते का ते पाहिले. मग सरळ विचारले. त्याने पत्र्याच्या पेटीतून एक पत्र काढून माझ्या हातात दिले. त्याचा थोरला भाऊ फाळणीआधी कराची बंदरात कामाला गेला आणि तिथेच राहिला. तो उन्हाळ्यात वारला. लढाईआधी टाकलेले पत्र बोईसरच्या एका दुकानाच्या पत्त्यावर परवा पोचले होते. मरण दहा दिवसांनंतर कळले तर सुतक तीन दिवसांचे. आज तिसरा दिवस होता.

"पेढा कसा खानार, दादा?"

"मग तसे सांगून टाका."

"काय सांगू? भाव कराचीत व्हता म्हनून?"

त्याने पत्र माझ्याकडून घेतले आणि चुलीत घातले.

"त्याच्या पोरांचा पत्ता व्हता त्यात," बायको म्हणाली. तोवर कागद पेटला होता.

एवढ्यात पाटील आला.

"डोकं का केलंस रं?"

"उवा झाल्या."

"आनि पेढा?"

"दाढ दुखते."

पाटलाने चुलीकडे पाहिले. "या वक्ताला चूल कशाला पेटवली?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, तुमी आधी आलाव. काय सापडलं?"

"काही नाही. चहा ठेवताहेत," मी म्हणालो.

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. सुतकाच्या घरचे पाणीसुद्धा बाहेरचा माणूस घेत नाही, आणि घरचेही ते कुणाला देत नाहीत. नवऱ्याने मान हलवली. तिने चुलीवर पातेले चढवले.

पहिली कपबशी त्याने पाटलापुढे स्वतः ठेवली. पाटील कप उचलेना. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी प्यायलो, मग तो प्याला.

"सुतक नाय ह्यांचं," बाहेर जाऊन त्याने माणसांना सांगितले. "चा पाजला आमाला."

मी बातमी ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना लावलेल्या काळ्या कागदांची दिली. दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितले की, शत्रूचा अध्यक्ष जिवंत आहे आणि त्याने भाषणही केले. किनाऱ्यावर प्रश्न तेवढा बदलला होता: "तो मेलाच नाय, तर ह्यानं डोकं कोनासाठी केलं?"

त्याचा पास राहिला. पुढे तो मला बोईसरच्या बाजारात दोनदा दिसला, केस वाढलेले. दोन्ही वेळा त्याने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले आणि रस्ता बदलला.