निळा अंगठा

शाईच्या पॅडचा कडवट वास आला की मला दोंडाईच्याचा बाजार आठवतो. स्वातंत्र्य नवं होतं. माझे यजमान शाळामास्तर. लोकांच्या मालकीची बँक हवी, हे सांगत गावोगाव हिंडायचे. त्या दिवशी बाजारातल्या हमालांनी सभासदाच्या अर्जावर अंगठे उठवले. आम्ही दोघांनी सही केली.

गल्लीच्या तोंडाशी सावकाराची माणसं काठ्या घेऊन उभी होती. प्रत्येकाचा हात उलटा करून बघायची आणि निळा अंगठा दिसला की सोलून काढायची. एका हमालाचा हात त्यांनी दगडावर ठेवून ठेचला. हाड मोडल्याचा तो आवाज अजून कानात आहे.

"मास्तर, तुम्ही घर जा," म्होरक्या म्हणाला. मास्तरांना मारायचा हुकूम नव्हता.

यांनी पिशवीतलं पॅड काढलं, अंगठा दाबला आणि त्याच्यापुढे धरला. "मना बी देख."

काठी बसली. मी माझे स्वच्छ हात पदराखाली लपवले.

तो अंगठा पुन्हा कधी वाकला नाही. सही येत असताना अंगठा कशाला पुढे केलात, म्हणून मी वर्षानुवर्षं भांडले.

परवा बँकेत कारकुनानं विचारलं, "अक्का, सही येते ना?"

"येते," म्हटलं आणि अंगठा शाईत दाबला.