मिठाचा बुरूज अन् आमचं धाबं

लग्न होऊन अनसिंगजवळच्या त्या गावात आली, तेव्हा स्वातंत्र्याले सात-आठ वर्सं झाली होती. आमचे हे शाळेत मास्तर. मास्तरकी एक वेळ परवडली, पण या मानसाले गावाबाहेरच्या पडक्या गढीचं येड होतं. कोनीही भेटो, यांचं सुरू: कोकनातून लमानांचे तांडे बैलांवर मीठ लादून येत, लुटारूंच्या भेवानं गढीत मुक्काम करत, शिपाई पहारा देत. मंग मीठ आगगाडीनं याले लागलं, अन् गढीले कोनी इचारेना. मले तं सारं पाठ झालं होतं बाप्पा.

गावात सारी धाब्याची घरं, मातीच्या छताची. पावसाळ्याआधी छतावर खारी माती टाकली की घर गळत नाई, अन् ती माती भेटे गढीच्या भिंतीत. दरसाली लोक भिंती खनून नेत. यांचा जीव जळे. मी टोपलीभरही आनू नये म्हनून मले लेकराची शपथ घातली होती. मंग काय, साऱ्या गावात आमचंच घर गळे, अन् मी लेकरू कडेवर घेऊन कोरडा कोपरा हुडकत फिरत होती.

एका उन्हाळ्यात कुदळी निघाल्या तसं यांनी गाव पारावर जमवलं. मले वाटलं, सरळ हात जोडतीन अन् मोकळे होतीन. कायचं! पुन्हा तांड्यापासून सुरुवात. शेवटी म्हने, "उत्तरेच्या बुरजाखाली मिठाचं कोठार होतं. पिढ्यान्‌पिढ्या मिठाच्या गोण्या तिथंच रचत. तेवढा बुरूज तरी ठेवा."

लोकांनी लय मन लावून आयकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गावातल्या बैलगाड्या उत्तरेच्या बुरजाकडं निघाल्या. जिथं एवढं मीठ मुरलं, तिथल्यासारखी खारी माती दुसरीकडं कुठं भेटनार? जातायेता लोक आमच्या दारात थांबून मास्तराचे आभार मानत होते, अन् तेही मनापासून. हे आत भिंतीकडं तोंड करून पडलेले, जेवलेही नाई. मले गावाचा राग येत होता, यांचा त्याहून जास्त, अन् कीवही येत होती. पाऊस लागेपर्यंत बुरूज सपाट झाला.

पावसाळ्यात सारं गाव कोरडं. आमच्या घरात धारा लागल्या, लेकराले ताप भरला. एका दुपारी हे बाजेजवळ आले अन् खाली मान घालून म्हने, "बुरजाची माती आनू काय?"

"आता कुठून आनता? बुरूज तं तुमीच वाटून टाकला."

 यांनी छत्री उघडली अन् लेकरावर धरून उभे राह्यले.