वेड इकडं, दारू तिकडं

डॉक्टरसायबानं नाकाले रुमाल लावला आन खुर्ची मांगं सरकवली. मी माह्या लहान्या भावाले, गजूले, दंडाले धरून उभी होती. मांगं लाईनीत तीस-चाळीस मानसं. सायेब मुद्दाम जोरात बोलले.

"बाई, हा मानसोपचार विभाग आहे, गुत्ता नाही. आधी याची दारू सोडवा, मग आणा. तुम्हा लोकांना लाज कशी वाटत नाही?"

तुम्हा लोकांना. लाईनीतला एक जन फिदीफिदी हासला. गजू माह्या कानात म्हने, "ताई, चाल ना वं. हे बी तेच बोलून राहिले."

त्याले वाटलं, डॉक्टरचं बोलनं बी त्याच्या डोस्क्यातलंच हाये.

गजूले आवाज येत. अचलपूरच्या एका बँडात तो ट्रंपेट वाजवे. लय गोड वाजवे. वरात निघाच्या आधी बँडवाल्याईले गाडीमांगं नेऊन पाजाची रीतच हाये इकडं. नाही पाजली तर नवरदेवाकडच्याईचं नाक कापल्या जाते. तशी त्याले लागली. मंग दोन वर्सांआंधी आवाज चालू झाले. "तू घान हायेस, तू मर," असे. मी एक दिवस चिडून इचारलं, "काहून पेतं रे इतका?" त्यानं सरळ सांगतलं, "पेलो का ते चूप बसतात, ताई."

एवढं साधं होतं. मी अकोल्याच्या जठारपेठेत ब्लाउज शिवनारी बाई. मले समजलं. मोठ्या शिकलेल्याईले नाही समजलं.

दारू सोडवा म्हनले, म्हनून अमरावतीकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. गजू तिथं भिंतीकडं तोंड करून कोनाले तरी उत्तर देत होता. टेबलावरच्या मानसानं पाहिलं. म्हने, "हा वेडा आहे. आम्ही फक्त दारूवाले घेतो." मी पाया पडली. खरंच पडली. त्यानं पाय मांगं घेतले, जसं काही मी त्याचे बूट चोरून राहिली होती.

अकोला-अमरावती, अमरावती-अकोला. चार येळा. एस.टी.चे कंडक्टर आमाले वयखाले लागले. हे म्हनत दारू तिकडं, ते म्हनत वेड इकडं. आन माहा भाऊ? त्याले मधातून कापून अर्धा इकडं ठेवू का अर्धा तिकडं?

दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारी भेटली. ती म्हने, "पोरी, अर्धंच सांगाचं असते. इथं दारूचं नाव नाही काढाचं. तिथं आवाजाचं नाही काढाचं." मले ती देवच वाटली.

मंग मी शिकली खोटं बोलाले. सकाळी उठल्याबरोबर, प्यायच्या आधी गजूले आंघोळ घालून, तोंडात वेलची देऊन, रुमालवाले सायेब नसतात त्या दिवशी दवाखान्यात नेलं. "दारू? नाही बाप्पा, सुपारीचं खांड नाही खात." गोळ्या भेटल्या. महिन्याभरात आवाज दबले. एक दिवस त्यानं आपल्या मनानं ट्रंपेट काढला, पुसला, वाजवला. मी मशीन बंद करून आयकत बसली. लय रडली मी त्या दिवशी, आनंदानं.

पन दारू सुटली नाही. गोळी बी चालू आन दारू बी चालू. मले भेव वाटे, यातच काही होईन. म्हनून पुन्हा त्याच केंद्रात नेलं. टेबलावर मानूस दुसरा होता, गजू बी शांत होता. फारमावर लिहिलं होतं: मानसिक आजार आहे का? मी म्हनलं, नाही. काही गोळ्या चालू आहेत का? नाही. सही केली. फाटकावर पिशव्या तपासतात, म्हनून गोळ्याची पाकिटं घरीच डब्यात ठेवली होती. मी इचार केला, एक महिन्याचा तर सवाल हाये. दारू सुटली का गोळ्या पुन्हा चालू करू. माही अक्कल!

नवव्या दिवशी फोन आला. सकाळी दहा वाजता गजू केंद्राची भिंत चढून पयाला. दोन्ही कान हातानं दाबून रोडच्या मधातून चालत होता म्हने. ट्रकवाल्यानं हारन वाजवला. त्याले हारन आयकू आला असन का त्या आवाजाईत, कोन जाने.

केंद्राच्या मॅनेजरनं मले फारम दाखवला. "ताई, तुम्ही खोटं सांगितलं. आमची काही जबाबदारी नाही."

आन मी हात जोडले. "चुकलं, सायेब," म्हनलं. भाऊ मेला होता, आन मी त्याईची माफी मागून राहिली होती. हे मले मरेपर्यंत डाचते.

तीन महिन्यांनी मीच त्या दवाखान्यात गेली. झोप येत नव्हती. लाईनीत माह्यापुढं एक चाचा होते, आपल्या जावयाले घेऊन. त्याच्या तोंडात बडीशोप कोंबत चाचा हळूच म्हने, "अंदर शराब का नाम मत लेना बेटा, भगा देंगे."

म्हंजे मी एकटी नव्हती. इथं सारेच खोटं शिकून येत होते. आन शिकवनारे आत खुर्चीवर बसले होते.

मी म्हनलं, "चाचा, झूट मत बोलो. मेरा भाई इसी झूट में गया."

चाचानं खरं सांगतलं. सायेबानं रुमाल काढला. "आधी दारू सोडवा."

मी आत घुसली. "लिहून द्या सायेब. दारू पेते म्हनून तपासत नाही, असं याच कागदावर लिहा."

"तुम्ही कोण?"

"तुमी हाकललं त्याची बहीन."

त्याईनं लिहिलं नाही. गार्डाले बोलावलं. गार्डानं मले दंडाले धरून भायेर काढलं, लाईनीदेखत. या येळी मी मान खाली घातली नाही.

आता दर मंगळवारी दुकान बुडवून मी तिथं उभी राहते. येईन त्याले सांगते, वेड बी सांगा, दारू बी सांगा, आन हाकललं तर लेखी घ्या. दोन्ही दुखनी एकाच टेबलावर पाहा, एवढंच आमचं मागनं हाये. चाचाच्या जावयाले अजून कोनी घेतलं नाही. चाचा बी येतात माह्यासंगं उभे राहाले.

लोक म्हनतात, बाई, आता काय फायदा? तुहा भाऊ तर गेला.

गेला ना. मंग हे लोक आता मले कायचं भेव दाखोतीन?