बंद जिनातले सव्वीस मैल

मोरोपंत चांदूरकर अमरावतीच्या एका शाळेत गणित आणि भूगोल शिकवत, आणि उरलेल्या वेळात काळजी करत. हा गुण घराण्यातला होता. वडील बार्शीटाकळीला भिक्षुकी करत, आणि मुहूर्त टळेल या भीतीने लग्नघरी दोन तास आधी जाऊन बसत. तेव्हा यजमानांची आंघोळही झालेली नसे. मोरोपंतांनी धंदा बदलला, स्वभाव राखला. गाडी चुकेल, उत्तरपत्रिका भिजतील, फळ्यावर काढलेल्या आफ्रिकेत एखादी नदी राहून जाईल, अशा काळज्या त्यांच्याकडे बारमाही असत. पाहुणा दारात आला की तो वेळेवर परत जाईल ना, हा घोर त्यांना तो चपला काढत असतानाच लागे.

एकच गोष्ट करताना त्यांना काही वाटत नसे, ती म्हणजे धावणं. हा शोध तिशी उलटल्यावर, चुकूनच लागला. वलगावला एका विद्यार्थ्याच्या घरी गेले होते. शेवटची मोटार निघून गेली असणार अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली आणि अमरावतीच्या रस्त्याने धावत सुटले. तीन मैलांवर तीच मोटार मागून आली आणि थांबली. तेव्हा मोरोपंतांच्या ध्यानात आलं की गेल्या मैलभरात आपण कशाचीही काळजी केलेली नाही. त्यांनी मोटारीला पुढे जायला सांगितलं.

पण वऱ्हाडात त्या काळी रस्त्याने धावणं ही खाजगी बाब नव्हती. धोतराचा काचा मारून मास्तर पळताना दिसला की अर्थ एकच, कोणीतरी गेलं. "काहून पळून राहिले मास्तर? कोन गेलं?" असं विचारल्याशिवाय एक शेत ओलांडता येत नसे. कोणी नाही, असं सांगितलं तर लोकांना ते पटत नसे. एकदा दोघेजण लाठ्या घेऊन मैलभर त्यांच्या मागे धावले, आणि मग दम खात विचारते झाले की मारामारी नेमकी कुठं आहे. शेवटी ही बातमी टांगेवाल्यांकडून, मास्तरच गेले अशी होऊन, अकोल्याला पोचली, आणि त्यांची बहीण दुपारच्या गाडीने रडत आली. मोरोपंतांनी दार उघडलं, तेव्हा तिला आधी घाबरायला झालं आणि मग राग आला. त्या दिवसापासून रस्ता बंद.

सन चौतीसच्या हिवाळ्यात त्यांना एक जागा मिळाली. कापसाच्या ऐन हंगामात अमरावतीत रिकामा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, मिळणं अवघड, पण जिनवाल्यांनी आपसांत ठरवून काही कारखाने बंद ठेवायचे आणि बंद ठेवल्याबद्दल त्यांच्या मालकांना नफ्यात वाटा द्यायचा, अशी सोय होती. काम न करता हंगाम साधणारे असे मालक वृत्तीने उदार असतात. त्यांतल्या एकाचा मुलगा मोरोपंतांच्या वर्गात गणितात कच्चा होता. जिनाची किल्ली मिळाली.

आत लांबलचक टीनाचं छप्पर, खाली विटांची जमीन, तुळयांवर पारवे, आणि जुन्या तेलाचा वास. मोरोपंतांनी पटवाऱ्याची साखळी आणून भिंतीच्या कडेने माप घेतलं, तीन वेळा घेतलं. फेरा आठ साखळ्यांचा भरला. म्हणजे दहा फेऱ्यांचा एक मैल.

हे माप आवश्यक होतं, कारण नागपूरच्या एका समितीचं पत्र आलं होतं. फेब्रुवारीत तिथे सव्वीस मैल तीनशे पंच्याऐंशी यार्डांची शर्यत होती. ज्यांचं नाव कुठल्या आखाड्याच्या वहीत नाही, त्यांनी तेवढं अंतर साडेतीन तासांच्या आत धावल्याचा गॅझेटेड अधिकाऱ्याचा दाखला आणावा. वय चाळीसच्या आत असावं. मोरोपंतांना मार्चमध्ये चाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे हे एक वर्ष होतं, आणि दुसरं नव्हतं.

पत्नी गोदावरीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सव्वीस मैल जायचं आणि पोचायचं कुठंच नाही," एवढंच त्या म्हणाल्या, आणि कॅनव्हासच्या बुटांना आतून फ्लॅनेल शिवून दिलं.

सराव सुरू झाला आणि मोरोपंतांची पंचाईत झाली. रस्त्यावर मैलाचे दगड होते. इथे स्वतः मोजावं लागे. सत्तावन्नावी फेरी की अठ्ठावन्नावी, असा संशय आला की ते खबरदारी म्हणून एक जास्त धावत. रोज अशी मैल-दीड मैल खबरदारी होई. पाय दुखत त्याचं काही नाही, पण धावताना मिळणारी ती एकच शांतता गेली.

जिनाच्या मागे कुर्बान मापारी राहत. धान्यबाजारात ज्वारी मापण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि दोन व्यापारी भांडायला उभे राहिले की 'कुर्बानभाईनं मापलं का?' एवढ्या प्रश्नावर भांडण मिटे. पहाटे टीनाखाली धपधप कशाची, म्हणून ते पाहायला आले. बराच वेळ दारात उभे राहिले.

"मास्तर, तुमी पळून राहिले का मोजून राहिले?"

दोन्ही, असं मोरोपंतांनी धावता धावताच सांगितलं.

"दोन कामं एका मानसानं केली का दोनी बिघडतात. पाय तुमचे, गिनती माही. तुमी मंग काई डोक्यात आनू नका."

दुसऱ्या दिवसापासून कुर्बान दाराजवळ पोत्यावर बसू लागले आणि बाजारात मोजत तसं मोठ्याने मोजू लागले. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. हिंदू मापारी 'लाभ' म्हणतो, मुसलमान 'बरकत' म्हणतो. मग दोन, तीन, असं वीसपर्यंत. विशी भरली की एक चिंचोका बाजूला ठेवायचा आणि पुन्हा बरकतपासून सुरू. पूर्ण अंतराच्या दोनशे बासष्ट फेऱ्या होत, वर तेहतीस यार्ड. म्हणजे तेरा चिंचोके आणि वर दोन. मोरोपंतांनी ऐकायचंही सोडलं. आठवड्याभरात त्यांची जुनी शांतता पाचव्या मैलावर परत आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादा हिशेब दुसऱ्याच्या हाती देऊन पाठ फिरवली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी दाखला द्यायला शिक्षणखात्यातले रविकांत गुर्जर नावाचे साहेब आले. ते मूळचे पुण्याचे, नेमणूक अकोल्याला, अमरावतीला फिरतीवर आलेले. माणूस सरळ होता. फक्त कागदावर नसलेली गोष्ट त्यांना दिसत नसे. त्यांच्या घरात धान्य भरलं जाई ते मागल्या दाराने, आणि साहेबांना मागलं दार कुठे आहे हे ऐकून माहीत होतं. त्यांची गाडी बडनेऱ्याहून बाराला होती. टांगा फाटकाशीच थांबवून ठेवला होता.

सात वाजता मोरोपंत निघाले. साडेदहाच्या आत संपवायचं होतं. आत इतका गारठा होता की साहेब थोड्याच वेळात खुर्ची घेऊन बाहेर उन्हात गेले. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर कागद. कुर्बानांचा आकडा कानावर आला की शाईने एक रेघ, पाच रेघांचा एक जुडगा. गोदावरीबाई लिंबाच्या पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकून बसल्या.

त्या दिवशी पाचव्या मैलावर शांतता आली नाही. मोरोपंतांना दर फेरीला दारातून साहेबांचा फक्त डावा हात दिसे, आणि लेखणी उजव्या हातात होती. ते लिहिताहेत की डुलकी घेताहेत? घड्याळाला किल्ली दिली असेल का? कोपऱ्यात वीट निसटती होती, तिथे पाय जपून टाकताना वेळ जात होता. अकरा चिंचोके झाले तेव्हा डाव्या पोटरीत गोळा आला. त्यांनी गोदावरीबाईंकडे पाहिलं नाही, कारण त्यांच्याकडे पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं. कुर्बानांचा आवाज मात्र ज्वारी ओतावी तसा एकसारखा येत होता. मोरोपंत त्याला धरून राहिले.

दहा वाजून सोळा मिनिटांनी तेरा चिंचोके आणि वर दोन झाले, आणि मोरोपंतांनी वरच्या तेहतीस यार्डांवर आखलेली खडूची रेघ ओलांडली. चौदा मिनिटं हाताशी होती. साहेबांनी वेळ टिपली, मग जुडगे मोजले, मग पुन्हा मोजले.

"दोनशे अठ्ठेचाळीस. अजून चौदा फेऱ्या राहिल्यात, मास्तर."

कुर्बान पोत्यावरून उठले. त्यांनी चिंचोके साहेबांपुढे धरले आणि मोजून घ्या म्हणाले. चिंचोके प्रमाण धरता येणार नाहीत, असं साहेबांनी सौम्यपणे सांगितलं. कागद शाईत होता. कुर्बान मोरोपंतांकडे वळले. "थांबा मास्तर. तुमचं झालं हाये. माही गिनती हाये ते."

मोरोपंत थांबले नाहीत. दोघं बोलत होते तोवरच ते पुन्हा निघाले होते. कोणाची चूक हा विचार त्यांनी केलाच नाही. चूक आहे म्हटलं की ती आपल्या पायांनी भरून काढायची, हीच त्यांना सवय. कुर्बान त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. तीस वर्षांत त्यांच्या मापावर कोणी पुन्हा माप घातलं नव्हतं. मग ते खाली बसले, आणि मोरोपंत पहिला फेरा घेऊन समोरून गेले तेव्हा सवयीनेच, पण कोरड्या आवाजात म्हणाले, "बरकत."

चौदा फेऱ्यांना अर्ध्या पायाने फार वेळ लागला. साडेदहा वाजले, तेव्हा एक फेरी बाकी होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. कुर्बान "चौदा" म्हणाले, तेव्हा दहा एकतीस झाले होते. मोरोपंत खांबाला धरून उभे राहिले. गेलं ते, हे त्यांना कळलं होतं.

साहेब या वेळी आत येऊन उभे होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं. "तेरा."

"चौदा," कुर्बान म्हणाले.

"चौदाच," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी बोटांवर मोजल्यात."

साहेबांनी कुर्बानांना पहिल्यापासून म्हणायला लावलं. कुर्बान म्हणू लागले, बरकत, दोन, तीन. तिथेच साहेबांनी हात वर केला. बरकत त्यांनी धरलं नव्हतं. माणूस देवाचं नाव घेतो आहे अशी त्यांची समजूत होती, आणि त्याबद्दल त्यांना आदरच वाटला होता. पण तो आकडा नाही, असं ते म्हणाले.

"मग पहिली फेरी कोण धावलं?" गोदावरीबाईंनी विचारलं.

साहेबांची नजर चिंचोक्यांवर गेली. तेरा विशा, म्हणजे तेरा बरकती. वरच्या दोनांतली एक, चौदा. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. फाटकाशी टांगेवाल्याने घंटा वाजवली. तरी साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी मोरोपंतांना समोर बोलावलं. दहा सोळाला अंतर पुरं झालं होतं असं लिहायचं, तर ते अशा कागदावर लिहावं लागणार होतं, ज्यावर नंतरच्या तेरा रेघाही होत्या.

"एकच सांगा. पुरं झालं अशी तुमची खात्री होती, तर पुढे धावलात कशाला?"

याला बचाव नव्हता. नागपूरला कोणीही हेच विचारलं असतं. खात्री होती, पण साहेबांच्या आज्ञेचा मान राखला, असं म्हणता आलं असतं. साहेबांना ते आवडलंही असतं. कुर्बान पोतं झटकत होते, आणि त्यांनी झटकणं थांबवलं.

"माझी खात्री नव्हती," मोरोपंत म्हणाले. "मला कशाचीच नसते. कुर्बानभाईंची होती. मी ऐकायला हवं होतं. आपण त्यांची धरा."

साहेबांनी रेघा खोडल्या नाहीत. खाडाखोडीचा कागद नागपूरला चालत नाही. त्यांनी खाली अर्धं पान लिहिलं: वऱ्हाडात धान्य कसं मोजतात, सदर अधिकाऱ्यास हे का ठाऊक नव्हतं, आणि अंतर दहा वाजून सोळा मिनिटांनी कसं पूर्ण झालं. सही केली, कुर्बानांचा अंगठा घेतला, आणि टांग्याकडे चक्क धावत गेले. कुर्बान चिंचोके खिशात घालून, कोणाशी न बोलता घरी गेले.

दाखला मंजूर झाला. फेब्रुवारीत नागपूरला तेवीस जण धावले, त्यांत मोरोपंत नववे आले. परत आल्यावर ते कुर्बानांच्या घरी दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा मिळाला, बोलणं मिळालं नाही.

पुढच्या बाजाराला ते वर्षाची ज्वारी भरायला गेले आणि कुर्बानांपुढे पोतं उघडून ठेवलं. कुर्बानांनी पायली उचलली. मोरोपंत वळले आणि मापाकडे पाठ करून उभे राहिले. मागे ज्वारी पडत होती, आकडे चालले होते. त्यांच्या मानेवर घाम आला होता, पण त्यांनी मागे पाहिलं नाही. बारा झाले तेव्हा माप थांबलं.

"मास्तर, इकडं पाहा," कुर्बान म्हणाले. "पाठमोऱ्या मानसाले फसवाले मजा नाई येत."

मोरोपंत वळले, आणि उरलेल्या पायल्या दोघांनी मिळून मोजल्या.