वहिनींनी कुठली गाडी घेतली

माझ्या गॅरेजला लागून सीट-कव्हरचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एकच खोली. दारात जाड सुईचं शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेली रेक्झिनची भेंडोळी, आणि कोपऱ्यात फोमचे इतके तुकडे, की त्यात झोपलेली मांजर संध्याकाळपर्यंत सापडत नाही. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळा बाजार सीटवाली म्हणतो. मी वहिनी म्हणतो, कारण त्यांचा नवरा माझा लहानपणापासूनचा मित्र. तो शाळेची बस चालवतो, आणि इतकी सांभाळून चालवतो की बसमधली मुलं त्याला गोगलगाय म्हणतात. त्याला ते कौतुक वाटतं.

वहिनींची पंचेचाळिशी उलटली त्या वर्षी एका सकाळी त्या अंथरुणातून उठल्या आणि आख्खी खोली गरगर फिरली. कानाच्या आत सूज आली होती. माणसाचा तोल कानात असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुकानाचं शटर खाली आलं ते बरेच महिने वर गेलंच नाही. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायचं, भिंत धरून परत यायचं, एवढंच वहिनींचं जग उरलं. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले होते: फरशीच्या रेषेवरून चालायचं, उशीवर एका पायावर उभं राहायचं, चालता चालता मान वळवायची. मित्र दोन्ही हात पसरून मागे मागे फिरायचा. मी भेटायला गेलो की वहिनी म्हणायच्या, "आजाराची चक्कर परवडली भावजी, यांच्या हातांची नाही परवडत."

हळूहळू खोली फिरायची थांबली. शटर वर गेलं. त्याच सुमारास माझ्याकडे एक डर्ट बाइक आली, खडकाळ रानात आणि मातीच्या ट्रॅकवर पळवतात ती. उंच, सडपातळ, जाड खाचांच्या टायरची. तिची सीट फाटली होती. नवं कव्हर ताणून बसलंय का हे बघायला वहिनी स्वतः तिच्यावर चढल्या. ही गाडी अवघड जागी उभं राहून चालवतात, असं मी सहज सांगितलं. त्यांनी लगेच दोन्ही पाय फुटरेस्टवर रोवले आणि उभ्या राहिल्या. मी हँडल धरून ठेवलं होतं. त्यांनी डोळे मिटले, गुडघे किंचित वाकवले, आणि तशाच राहिल्या. मला वाटलं, आता पडतात. पडल्या नाहीत.

खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, मला अशी एक गाडी घ्यायची आहे. जुनी चालेल."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी मित्र तोंड पाडून गॅरेजमध्ये आला. रात्री घरात बरंच झालं होतं. हे भूत तुझ्याच दारात तिच्या डोक्यात शिरलंय तर तूच उतरव, असं त्याचं म्हणणं. मी आपलं वहिनींना दोन शब्द सांगून बघितले. वय, पाठ, हाडं, लोक काय म्हणतील, सगळं झालं. त्या तोंडात टाचण्या धरून ऐकत होत्या. टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "इतके दिवस मी पडू नये, एवढंच बघत बसले. त्याचा कंटाळा आला मला."

त्यांचे हे शब्द मी जसेच्या तसे मित्राला जाऊन सांगितले. त्याने विरोध सोडला आणि नुसती काळजी करायला घेतली.

वहिनींना स्कूटर येत होतीच. माझी गिअरची जुनी गाडी घेऊन त्या बसडेपोमागच्या मैदानात क्लच शिकल्या. हात बसल्यावर गाडी शोधायचं ठरलं, आणि तिथे खरा प्रश्न आला. टू-स्ट्रोक घ्यायची की फोर-स्ट्रोक?

मी बिनधास्त फोर-स्ट्रोकच्या बाजूने होतो. या धंद्यात केस पिकलेत माझे. फोर-स्ट्रोकचं इंजिन समजूतदार असतं. अ‍ॅक्सिलरेटर जितका पिळाल तितकीच ताकद देतं, उतारावर गाडी धरून ठेवतं. टू-स्ट्रोक म्हणजे तापट माणूस. बराच वेळ गप्प, आणि मग एकदम अंगावर येणार. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळा, पिस्टन आणि रिंगा वरचेवर बदला, धूर खा. नव्याने शिकणाऱ्या बाईने त्या वाटेला जाऊच नये, असं मी मित्रासमोर ठासून सांगितलं. त्याने मान डोलावली. वहिनींनी विचारलं, "पण तिच्यात काहीच चांगलं नाही?" मी म्हटलं, हलकी असते, सुटसुटीत असते, उघडायला सोपी. "बघू मग दोन्ही," त्या म्हणाल्या.

ओळखीतून दोन गाड्या मिळाल्या, किमतीने जवळपास सारख्याच. फोर-स्ट्रोक होती जनावरांच्या एका डॉक्टरांची. डोंगरातल्या वस्त्यांवर ते तिनेच जायचे, आता जीप घेतली होती. टू-स्ट्रोक होती एका नर्सबाईंची. त्या पूर्वी शर्यतीत उतरायच्या. आता त्यांना दिवस गेले होते आणि अंगणात नुसती उभी असलेली गाडी त्यांना बघवत नव्हती. गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिथे हौशी मंडळी गाड्या उडवतात. एका सुट्टीच्या दिवशी दोघांनाही गाड्या घेऊन तिथेच बोलावलं.

वहिनी आल्या त्या उसनं हेल्मेट, उसने बूट आणि गुडघ्या-कोपरांना स्वतः शिवलेल्या जाड फोमच्या गाद्या बांधून. मित्र पाण्याची बाटली आणि मलमपट्टीची पेटी घेऊन आला होता.

आधी फोर-स्ट्रोक. डॉक्टरांनी सुरू करून दिली. घुमणारा, भारदस्त आवाज. वहिनी निघाल्या, मोठी फेरी मारली, उंचवट्यावर उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. मी मित्राकडे असं बघितलं की, झालं काम. तेवढ्यात खडीच्या वळणावर त्यांचा वेग कमी पडला, गाडी कलली आणि दोघी अलगद आडव्या झाल्या. लागलं काहीच नाही. पण गाडी उचलायला गेल्या तर ती जागची हलेना. हँडल धरून ओढली, पाठ लावून रेटली, तरी नाही. शेवटी मी आणि डॉक्टर धावलो आणि दोघांनी मिळून ती उभी केली. मग सुरू होईना. आडवी पडल्यावर इंजिनात नको तितकं पेट्रोल गेलं होतं. वहिनी किक मारून मारून घामाघूम झाल्या. डॉक्टरांनी खूप वेळाने ती जागी केली. वहिनी त्यांना धन्यवाद म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मग टू-स्ट्रोक. नर्सबाईंनी किक मारली नाही, नुसतं कसं मारायचं ते सांगितलं. वहिनींनी मारली आणि गाडी चवताळलेल्या गांधीलमाशीसारखी सुरू झाली. निळसर धूर. आरंभी ती कुरकुरत चालली, जीवच नसल्यासारखी. वहिनींनी अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला, आणि एकदम आवाज बदलला. पुढचं चाक उचललं गेलं, गाडी त्यांच्याखालून निसटून मातीच्या ढिगात घुसली आणि वहिनी मागच्या मागे बसल्या.

मित्र पेटी टाकून पळत सुटला. वहिनींनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला. "थांबा. येऊ नका."

तो हात पसरून होता तिथेच थांबला. वहिनी उठल्या. उठल्यावर क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, समोरच्या खडकावर नजर लावून. खडक जागेवर होता. मग त्या गाडीकडे गेल्या, हँडल वळवलं, मांडीला टेकवून एक झटका दिला, आणि गाडी उभी राहिली. एक किक. दुसरी किक. सुरू. त्या पुन्हा बसल्या आणि निघून गेल्या. मित्राचे हात अजून तसेच पसरलेले होते.

परत आल्यावर हेल्मेट काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "हीच घेते."

मी पुन्हा सगळं उगाळलं. पिस्टन, रिंगा, ऑइल, उतार. वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, पडणार तर मी दोन्हींवरून आहे. ही मला उचलता आली. ती नाही आली. तुम्ही दोघं नसाल तेव्हा मी तिच्याशेजारी बसून राहू का?"

"मग एकटीने जाऊ नका," मी म्हणालो.

आता मात्र मित्र बोलला. दिवसभरातलं त्याचं पहिलंच वाक्य असेल. "ती एकटी जाणारच आहे. मी ओळखतो तिला. जिला ती स्वतः उठवू शकेल तीच गाडी जास्त सुरक्षित, नाही का?"

गोगलगाय माझ्यावर उलटली होती. मी हात टेकले.

नर्सबाईंनी आपले बूट आणि हेल्मेट गाडीसोबतच देऊन टाकलं. वहिनींचा हात क्लचवर ठेवून त्यांनी एवढंच सांगितलं, "एक बोट कायम इथे. ती उधळली की बोट ओढायचं. लगेच शांत होते." निघताना त्यांनी टाकीवर एकदा थोपटलं आणि मागे वळून बघितलं नाही.

पुढचे दिवस सोपे गेले असं मी म्हणणार नाही. वहिनींच्या दंडावर निळ्या-जांभळ्या रंगाच्या सगळ्या छटा येऊन गेल्या. एकदा मनगट मुरगळलं तेव्हा शिलाई थांबली आणि गिऱ्हाइकं कुरकुरली. त्यांच्या नणंदेने येऊन, तुझ्या वयाच्या बायका काय करतात, असं विचारलं. वहिनींनी चहा टाकला आणि नणंदेच्या मुलाच्या लग्नाचा विषय काढला. उंची जमेना तेव्हा सीटचा फोम तासून त्यांनी गाडी आपल्या मापाची करून घेतली. उतारावर मात्र त्यांना बरेच दिवस धडकी भरायची, कारण तिथे ही गाडी धरून ठेवत नाही, सगळी भिस्त ब्रेकवर. त्या अर्ध्यातून उतरून गाडी हाताने खाली न्यायच्या, आणि त्याचीही लाज बाळगायच्या नाहीत.

ऑइल मिसळायचं काम मित्राने मागून घेतलं. खोकल्याच्या औषधाचं माप घेऊन तो ओट्यापाशी असा उभा राहायचा, जणू तान्ह्या बाळाची दुधाची बाटली भरतोय. हंगाम संपल्यावर पिस्टन बदलायला आला. तो वहिनींनी माझ्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर स्वतः बदलला. मी फक्त पान्हे पुढे करत होतो. रिंग बसवताना त्यांची बोटं माझ्यापेक्षा हलकी पडतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

परवा खाणीत नवशिक्यांच्या फेऱ्या झाल्या. वहिनी शेवटून दुसऱ्या आल्या, पण ज्या उतारावर गाडी हाताने खाली न्यायच्या, तिथून उभ्याने आल्या, न थांबता. फेरी संपवून वहिनी धुळीने माखून कुंपणापाशी आल्या तेव्हा मित्र पाठमोरा होता. गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या एका अनोळखी जोडप्याला तो टू-स्ट्रोकची थोरवी सांगत होता. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मी दुरुस्त करायला पुढे झालो, तर वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. थोडा वेळ हेल्मेट काखेत धरून त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी ते पुन्हा डोक्यावर चढवलं, किक मारली आणि आणखी एका फेरीला निघाल्या.